आमचं ०१ : सारखे विचारले जाणारे प्रश्न

गेल्या दिवाळीत घरच्या ग्रुपवर या इंजिनाचा फोटो टाकला आणि तेव्हापासून मावशी, भाचे, ऑफिसातले, शेजारचे आजोबा सगळे तेच तेच विचारतायत, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून टाकतोय. मी स्टुटगार्टजवळ राहतो, नोकरी करतो, आणि हो, चाळिशी ओलांडलीय. पुढे वाचा.

हे नक्की आहे काय?

जर्मन रेल्वेच्या क्लास ०१ या एक्स्प्रेस वाफेच्या इंजिनाचं मॉडेल. इथले लोक "बाउराइहे नुल-आइन्स" म्हणतात, म्हणजे "मालिका शून्य-एक". माझ्याकडचं एच-झीरो साइझमधलं आहे, म्हणजे खऱ्याच्या १:८७. मोटर आहे, दिवे लागतात, दांड्या हलतात, आवाजही येतो. बाकी सगळं खाली.

म्हणजे खेळणंच ना?

माझी आई पण हेच म्हणते. खेळणं म्हणा हो, माझं काही जात नाही. फक्त पाच वर्षांच्या मुलाच्या हातात देऊ नका, कारण पुढच्या पायऱ्या, हँडरेल, ब्रेकचे पाइप हे सगळं काडीएवढं बारीक असतं आणि एकदा तुटून सतरंजीत पडलं की सापडत नाही. माझ्या इंजिनाची एक पायरी अशीच आमच्या व्हॅक्यूम क्लीनरच्या पोटात गेलीय.

१:८७ म्हणजे नेमकं किती लहान?

खरं इंजिन टेंडरसकट (टेंडर म्हणजे मागे जोडलेली कोळसा-पाण्याची गाडी), बफरपासून बफरपर्यंत २३.९४ मीटर. भागिले ८७ केलं की साडेसत्तावीस सेंटीमीटर, म्हणजे शाळेतली फूटपट्टी जेमतेम त्याच्यापेक्षा मोठी. मोठी चाकं खरी २ मीटर व्यासाची, माणूस शेजारी उभा राहिला तर चाक त्याच्या डोक्याच्या वर जातं, आणि मॉडेलवर ती २३ मिलिमीटर, साधारण एक रुपयाच्या नाण्याच्या आसपास.

खरी गंमत वजनात आणि पाण्यात आहे. लांबी ८७ ने कमी होते पण घनफळ ८७ गुणिले ८७ गुणिले ८७ ने कमी होतं, म्हणजे साडेसहा लाखांहून जास्त पटीने. मोठ्या टेंडरमध्ये ३४ घनमीटर पाणी आणि १० टन कोळसा मावायचा, तर हिशेबाने मॉडेलच्या टेंडरमध्ये ५२ मिली पाणी येईल (कटिंग चहाच म्हणा) आणि कोळसा १५ ग्रॅम. टेंडर सोडून नुसतं इंजिन साधारण १०९ टनांचं, त्या हिशेबाने मॉडेल १६५ ग्रॅमचं हवं. पण माझ्याकडचं धातूचं आहे आणि त्याच्या दुपटीहून जड आहे, कारण एवढं हलकं असतं तर चार डबे पण ओढले नसते, चाकं जागेवर गरगर फिरत बसली असती.

खरं इंजिन कधीचं, कुणी बनवलं?

हा प्रश्न आवडीचा आहे म्हणून लांब उत्तर देतो, घाई असेल तर खाली जा.

पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, जर्मनीतल्या वेगवेगळ्या राज्यांच्या रेल्वे एकत्र करून एकच राइशबान झाली. प्रशियाची वेगळी इंजिनं, बव्हेरियाची वेगळी, सॅक्सनीची वेगळी, नट-बोल्ट पण एकमेकांना लागत नव्हते. आपल्याकडे ब्रॉडगेज, मीटरगेज, संस्थानांच्या रेल्वे असा गोंधळ होता तसाच, फक्त इथे गेज एक आणि बाकी सगळं वेगळं. मग ठरलं की नवीन इंजिनं एकाच पद्धतीने काढायची, भाग एकमेकांत बसले पाहिजेत. या "आइनहाइट्सलोक", म्हणजे एकसारख्या घडणीच्या इंजिनांमागचा मुख्य माणूस रिचर्ड पाउल वाग्नर. त्याचं नाव पुढे कानांच्या भानगडीत परत येणार आहे, लक्षात ठेवा.

एक्स्प्रेस गाड्यांसाठी दोन प्रकार शेजारी शेजारी बनवले, दहा-दहा नग. ०१ ला दोन सिलिंडर, साधं. ०२ ला चार सिलिंडर, कंपाउंड, म्हणजे वाफ आधी छोट्या सिलिंडरात आणि मग तीच उरलेली वाफ मोठ्या सिलिंडरात वापरायची. कागदावर ०२ हुशार. पण शेडमध्ये चार सिलिंडर, चार पिस्टन, आतल्या बाजूच्या दांड्या, हे सगळं तेलपाणी करायला माणसं आणि वेळ लागतो, त्यामुळे साधं ०१ जिंकलं. नंतर ती दहाच्या दहा ०२ पण ०१ मध्येच बदलून टाकली. १९२६ पासून १९३८ पर्यंत मूळची २३१ आणि ही बदललेली १०, असे एकूण २४१.

चाकांची रचना पॅसिफिक: पुढे चार लहान, मध्ये सहा मोठी, मागे दोन. आपल्याकडच्या डब्ल्यूपी या वाफेच्या इंजिनाची पण हीच रचना, ज्यांनी पुढचं टोक बंदुकीच्या गोळीसारखं असलेली ती इंजिनं बघितलीयत त्यांना लगेच कळेल. फक्त डब्ल्यूपीची मोठी चाकं १.७ मीटरची आणि ०१ ची पूर्ण २ मीटरची.

एकेका मोठ्या अ‍ॅक्सलवर २० टन भार यायचा. हे त्या काळच्या बऱ्याच रुळांना आणि पुलांना झेपायचं नाही, म्हणून मग १८ टनांचं हलकं भावंड आलं, क्लास ०३. शेडमधल्या फिरत्या चकत्या म्हणजे टर्नटेबल पण पुरायचे नाहीत, बऱ्याच ठिकाणी २० मीटरचेच होते, त्यामुळे सुरुवातीच्या इंजिनांना आखूड टेंडर लावायला लागलं. इंजिन आधी आणि रस्ता नंतर, हे सगळीकडे असंच चालतं वाटतं.

सगळ्यात वेगवान होतं का मग?

नाही. सुरुवातीला १२० किमी ताशी, नंतर ०१ १०२ या नंबरपासून पुढच्यांना ब्रेक चांगले आणि पुढची लहान चाकं ८५० ऐवजी १००० मिलिमीटरची दिली, मग १३०. रेकॉर्डवालं इंजिन वेगळं, ते ०५ ००२, चाकं २.३ मीटरची, अंगावर पूर्ण पत्र्याचं आवरण, ११ मे १९३६ ला हॅम्बुर्ग-बर्लिन मार्गावर २००.४ किमी. ती इंजिनं तीनच बनली. ०१ हे रोज सकाळी वेळेवर कामाला जाणारं इंजिन, आणि मला तेच जास्त आवडतं.

मॉडेलवर १२० चा वेग म्हणजे किती, असं भाच्याने विचारलं होतं. सेकंदाला ३८ सेंटीमीटर. बहुतेक लोक याच्या दुप्पट वेगाने पळवतात आणि मग म्हणतात खोटं दिसतं.

बॉयलरच्या दोन्ही बाजूंना ते कान कसले?

धूरपाट्या. इथले लोक पण कानच म्हणतात. बॉयलर एवढा जाड की धुराडं फार उंच ठेवता येत नाही, बोगदे आणि पूल आड येतात. धुराडं बुटकं असलं की वेगात धूर वर न जाता बॉयलरला चिकटून मागे वाहतो आणि ड्रायव्हरला सिग्नल दिसत नाही. पाट्यांमुळे पुढची हवा वर ढकलली जाते आणि धूर उचलला जातो.

आता यातली भानगड. जुने कान मोठे, खालच्या फळीपासून सरळ वर आलेले, हत्तीच्या कानासारखे. हे वाग्नर कान. १९४२ मध्ये वाग्नरच्या जागी फ्रीडरिश विट्टे आला, त्याच्या काळात लहान पाट्या आल्या, खाली मोकळी जागा सोडून वर बॉयलरच्या पुढच्या भागालाच अडकवलेल्या. पत्रा कमी, खालचे भाग हाताला लागतात, ड्रायव्हरला जास्त दिसतं. युद्धानंतर पश्चिम जर्मनीत हळूहळू बहुतेक ०१ चे मोठे कान काढून हे लहान बसवले.

म्हणजे कान बघून काळ सांगता येतो, आणि इथेच मी आपटलो.

इंजिन मी एका जुन्या मॉडेलांच्या बाजारात घेतलं, शाळेच्या जिममध्ये टेबलं लावतात तसा बाजार. मोठे कान, चकचकीत काळं, लाल चाकं, खोका पण होता. विकणारा म्हणाला सगळं ओरिजिनल. घरी आणून ठेवलं, रोज बघायचो. दोन महिन्यांनी इथल्या क्लबात नेलं, तिथे एक रिटायर्ड रेल्वेवाले आजोबा येतात, फार बोलत नाहीत. त्यांनी इंजिन हातात घेतलं, केबिनवरचा नंबर बघितला, मग कान बघितले, परत नंबर बघितला, आणि बोटाने आधी एक दाखवलं मग दुसरं. नंबर होता ००१ १५०-२, म्हणजे जुन्या पद्धतीने ०१ १५०. असा सहा आकडे, रेघ आणि पुढे आणखी एक आकडा हा कॉम्प्युटरचा नंबर, पश्चिम जर्मन रेल्वेने १९६८ पासून सुरू केलेला. तोपर्यंत मोठे कान गेलेले. कुणीतरी दुसऱ्या मॉडेलचे कान काढून याला लावले होते, बहुतेक याचे तुटले म्हणून. खोका पण दुसऱ्याचाच निघाला.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्यानंतरच मी हे सगळं वाचायला लागलो, त्याआधी मला कान म्हणजे फक्त शोभा वाटायची.

नंबरातला शेवटचा आकडा कशाला?

चेक डिजिट. पंचिंग करताना नंबर चुकला तर पकडता यावा म्हणून. हिशेब सोपा आहे: पहिल्या सहा आकड्यांना आलटून पालटून १ आणि २ ने गुणायचं, उत्तर दोन आकडी आलं तर ते दोन आकडे एकमेकांत मिळवायचे, सगळ्याची बेरीज करायची आणि पुढच्या दहाच्या पाढ्यापर्यंत किती कमी पडतात ते बघायचं. ००१ १५० : ० + ० + १ + २ + ५ + ० = ८. दहाला २ कमी. म्हणून -२. बरोबर!

पूर्व जर्मनीवाल्यांनी १९७० मध्ये वेगळे नंबर दिले पण हिशेब तोच. ०१ ११८ हे इंजिन तिकडे ०१ २११८-६ झालं, करून बघा, बेरीज १४ येते आणि वीसला ६ कमी. मी आता बाजारात गेलो की टेबलापाशी उभा राहून तोंडातल्या तोंडात बेरीज करतो. बायको लांब जाऊन उभी राहते.

एपोखे दोन, तीन, चार हे खोक्यावर लिहिलेलं असतं ते काय?

काळाचे कप्पे. एक म्हणजे राज्यांच्या रेल्वेचा काळ, साधारण १९२० पर्यंत. दोन १९२० ते १९४५. तीन तिथून साधारण १९७० पर्यंत. चार पुढे १९९० पर्यंत. एकाच इंजिनाची चार मॉडेलं वेगवेगळ्या किमतीला का, याचं उत्तर हेच. कान, पुढचे दिवे (आधी दोन, नंतर वर तिसरा), नंबरपाटी, टेंडर, बॉयलर सगळं बदलत गेलंय. पश्चिम जर्मनीने पन्नास ०१ ना नवीन वेल्डिंगचे बॉयलर बसवले. पूर्व जर्मनीने १९६० च्या दशकात मायनिंगनच्या कारखान्यात ३५ इंजिनं एवढी बदलली की ओळखू येत नाहीत, बॉयलरच्या वरचे घुमट एका लांब पत्र्याखाली झाकलेले, क्लास ०१.५ म्हणतात त्याला. १९३९ पासूनचं तीन सिलिंडरवालं ०१.१० हे तर अजून वेगळं प्रकरण, ते आलं तेव्हा अंगावर पूर्ण पत्र्याचा बुरखा होता आणि युद्धानंतर तो काढला.

नवीन माणसाला सल्ला: आधी काळ ठरवा, मग इंजिन घ्या, मग त्याच काळाचे डबे. उलटं केलंत की माझ्यासारखं होतं.

आणि एक, एपोखे दोनच्या शेवटच्या काळातल्या गाड्यांवर गरुड आणि त्याच्याखाली नाझींचं चिन्ह असायचं, मॉडेलवर कंपन्या ते छापत नाहीत, जर्मनीत ते चिन्ह मिरवणं कायद्याने गुन्हा आहे. भावाने विचारलं होतं "गरुडाखाली रिकामं का", म्हणून सांगितलं.

चाकं लाल का?

काळ्या तेलकट लोखंडावर तडा दिसत नाही, लालवर दिसतो, असं सांगतात. दिसायला छान दिसतं हे तर आहेच.

आवाज खरा आहे का?

स्पीकर टेंडरमध्ये आहे, चिप आवाज काढते. खरं-खोटं ओळखायची एक युक्ती देतो. दोन सिलिंडरचं इंजिन, प्रत्येक सिलिंडर चाकाच्या एका फेरीत दोनदा वाफ सोडतो, म्हणजे एका फेरीला चार भकभक. इंजिन अगदी हळू चालवा, एका चाकाच्या आरीवर नजर ठेवा आणि मोजा. चार आले तर सेटिंग बरोबर. सहा आले तर कुणीतरी तीन सिलिंडरवाल्या ०१.१० चा आवाज भरलाय. माझ्यात पाच यायचे, म्हणजे कशाचाच नाही, सेटिंग बदलून चारवर आणायला एक रविवार गेला.

खऱ्यात १२० ला चाक सेकंदाला पाचहून जास्त फेऱ्या मारतं, म्हणजे वीस-एकवीस भकभक सेकंदाला, तेव्हा ती सुटी सुटी ऐकूच येत नाही, एक सलग घरघर होते.

दोन रुळांचं घेऊ का तीन?

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते म्हणून नीट वाचा. म्यार्क्लिन कंपनीची एच-झीरो पद्धत वेगळी आहे: दोन्ही रूळ विजेच्या एकाच टोकाला आणि दुसरं टोक मधल्या बारीक ठिपक्यांच्या ओळीतून (हाच तो तिसरा रूळ), इंजिनाच्या पोटाखाली एक पट्टी त्यावरून घासत जाते. बाकी जवळपास सगळे, रोको, फ्लाइशमान, ट्रिक्स, दोन रुळांची पद्धत वापरतात, डावा रूळ एक टोक आणि उजवा दुसरं. म्यार्क्लिनचं इंजिन दोन रुळांच्या ट्रॅकवर ठेवलंत तर चाकं दोन्ही रूळ जोडून टाकतात आणि सरळ शॉर्ट. सेकंडहँड घेताना पोटाखाली पट्टी आहे का बघा, हा पहिला प्रश्न, रंगबिंग नंतर.

कुठली पद्धत चांगली? तीन रुळांवर धूळ कमी त्रास देते आणि ट्रॅक वळून स्वतःलाच येऊन मिळाला तरी शॉर्ट होत नाही. दोन रुळांवर दिसतं खरं. मी तीनवाला, कारण म्यार्क्लिनचं गाव ग्योपिंगन माझ्यापासून लोकलने जाता येतं आणि सुटे भाग इथे भाजीसारखे मिळतात. या कंपनीची सुरुवात १८५९ ची, बाहुल्यांच्या भातुकलीची पत्र्याची भांडी बनवण्यापासून. त्यामुळे आईचं "खेळणंच ना" तसं बरोबरच आहे.

दिवाणखान्यातल्या टेबलावर फिरेल का?

फिरेल, पण बघून वाईट वाटेल. सगळ्यात लहान वळण ३६० मिलिमीटर त्रिज्येचं असतं. खऱ्या रुळावर १८० मीटरचं वळण म्हणजे फार अरुंद समजतात आणि त्याचे पण मॉडेलमध्ये दोन मीटर होतात! म्हणजे आपण इंजिनाला त्याच्या पाचपट पिळतोय. ते फिरतं कारण पुढच्या आणि मागच्या लहान चाकांना बाजूला भरपूर सरकायची सोय ठेवलेली असते, त्यासाठी टेंडर थोडं लांब जोडतात आणि पुढचे पाइप कापून ठेवतात. ते पाइप वेगळ्या पुडीत मिळतात, ते लावलेत तर लहान वळणावर चाक अडकून गाडी घसरणार. जागा असेल तर निदान पुढचं माप घ्या, ४३७.५ चं.

डब्यांचं पण तसंच. २६.४ मीटरचा खरा डबा हिशेबाने ३० सेंटीमीटर व्हायला पाहिजे, पण वळणावर तो फार बाहेर येतो म्हणून बऱ्याच कंपन्या मुद्दाम आखूड करून विकतात, २८ किंवा २६ सेंटीमीटरचे. खिडक्या मोजल्या तर कळतं. एकदा कळलं की मग ते दिसतच राहतं, त्यामुळे मोजू नका.

धूर निघतो का?

निघतो, धुराड्यात एक बारीक तापणारी नळी बसवता येते आणि त्यात खास तेलाचे थेंब टाकायचे. कोरडी चालवली की जळते. मी पहिल्या आठवड्यात खूप धूर काढला, मग कळलं की ते तेल रुळांवर बसतं, त्यावर धूळ चिकटते आणि चाकं घसरायला लागतात. आता फक्त पाहुणे आले की.

चाकं फिरतात पण गाडी जागची हलत नाही, मोटर गेली का?

बहुतेक नाही. काही चाकांवर रबराची बारीक रिंग असते पकड यायला. ती ताणली जाते, तडकते किंवा तेलाने गुळगुळीत होते. नवीन स्वस्तात मिळते, पण दांडी सोडवून चाकावर चढवावी लागते आणि दांडी परत लावताना दोन्ही बाजूंची चाकं एकमेकांना पाव फेरीच्या फरकाने असली पाहिजेत, खऱ्या इंजिनात असतात तशीच. तो फरक हलला तर इंजिन लंगडतं. स्क्रू काढायच्या आधी मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, प्लीज.

भारतात घेऊन आलो तर चालेल?

वीज जवळजवळ सारखीच, २३० व्होल्ट, ५० सायकल, त्यामुळे इथला नवीन ट्रान्सफॉर्मर तिथे चालतो. पण जुना, २२० व्होल्टसाठी बनवलेला सेकंडहँड ट्रान्सफॉर्मर घेऊ नका. म्यार्क्लिनच्या जुन्या पद्धतीत इंजिनाची दिशा बदलायला जास्त व्होल्टेजचा एक झटका द्यायचा असतो, साधारण २४ व्होल्टचा, आणि २२० चा ट्रान्सफॉर्मर जास्त व्होल्टेजवर लावला की तो झटका अजून वर जातो आणि इलेक्ट्रॉनिक चिप उडते. गेली की गेली.

दुसरा शत्रू पावसाळा. डोंबिवलीला भावाकडे एक साधं इंजिन आणि थोडे रूळ ठेवलेत, जुलैत त्या रुळांवर गंज आणि खोक्यात बुरशी. सिलिका जेलच्या पुड्या टाका, खोक्यातला स्पंज काढून टाका (जुना स्पंज विरघळून रंगाला चिकटतो), आणि महिन्यातून एकदा तरी पाच मिनिटं चालवा, तेल घट्ट होऊ देऊ नका. तेल म्हणजे थेंब हो, सुईच्या टोकाने. शिवणमशीनसारखं ओतू नका.

खरं ०१ अजून कुठे बघायला मिळेल?

बोखुम-डालहाउझनच्या रेल्वे म्युझियममध्ये ०१ ००८ आहे, पहिल्या दहातलं. ०१ ११८ फ्रँकफुर्टच्या रेल्वेप्रेमी संस्थेने सांभाळलंय. ०१ ०६६ न्योर्डलिंगनला.

माझ्या मॉडेलचं खरं इंजिन ०१ १५०, कासेलच्या हेन्शेल कारखान्यात १९३५ मध्ये बनलेलं. त्याची पण कहाणी आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये न्युर्नबर्गच्या रेल्वे म्युझियमच्या शेडला आग लागली, त्यात बरीच ऐतिहासिक इंजिनं होरपळली आणि हेही त्यात होतं. नंतर मायनिंगनला, त्याच जुन्या वाफेच्या कारखान्यात, त्याची दुरुस्ती झाली आणि ते परत रुळावर आलं. ते वाचल्यावर माझे बदललेले कान मला एकदम किरकोळ वाटायला लागले.

पण जायचंच असेल तर नॉयनमार्क्टला जा. तिथे वाफेच्या इंजिनांचं म्युझियम आहे आणि तिथूनच "शीफे एबेने" सुरू होतो, म्हणजे शब्दशः "तिरकी सपाटी". १८४८ चा घाट, सुमारे ७ किलोमीटरमध्ये १५८ मीटर चढ, उतार १:४०. आपला बोरघाट १८६३ चा आणि १:३७, म्हणजे आपला जास्त कडक, हे मी तिथल्या एका गृहस्थांना सांगितलं तर त्यांनी नम्रपणे विषय बदलला. होफच्या शेडची ०१ या घाटातून १९७३ पर्यंत धावली, पश्चिम जर्मनीतली ती शेवटची. जड गाडीला मागून ढकलायला आणखी एक इंजिन लावायचे, खंडाळ्याला लावतात तसं, बँकर. तिथे घाटात उभं राहिलं की मला कर्जत स्टेशन आठवतं, फक्त वडापाव नाही.

आपल्याकडे जर्मन वाफेचं इंजिन होतं का कधी?

होतं की, माथेरानला! नेरळ-माथेरान लाइन १९०७ मध्ये सुरू झाली तेव्हाची चार बुटकी इंजिनं बर्लिनच्या ओरेनश्टाइन उंड कोप्पेल या कंपनीची. ०१ च्या शेजारी ठेवली तर पिल्लू वाटतील, पण त्या वळणांवर ०१ पहिल्याच फेरीत दरीत गेलं असतं.

मॉडेल रेल्वे बघायचीच असेल तर पुण्यात कर्वे रोडच्या बाजूला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे, मुलांना जरूर न्या. इकडे आलात तर हॅम्बुर्गचं मिनिआटुअर वुंडरलांड, २००१ पासूनचं, आणि तिकीट आधी काढा, नाहीतर रांगेत अर्धा दिवस.

केवढ्याला पडलं?

मी सेकंडहँड १२० युरो दिले, आवाजाची चिप नंतर वेगळी घातली. नवीन आणि आवाजासकट घ्यायला गेलात तर याच्या कितीतरी पट. रुपयांत सांगत नाही, हे बाबा पण वाचणार आहेत.

मग आता लहान कान लावलेस का?

घेतले. सुट्या भागांच्या दुकानात दोन कान एका पुडीत मिळाले, कॉफीच्या पैशांत. ते टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहेत. मोठे कान काढायला गेलो तर ते कुणीतरी गोंदाने चिकटवलेले निघाले, ओढले तर बॉयलरचा रंग जाणार. क्लबातल्या आजोबांना विचारलं तर म्हणाले नंबर बदल, कान राहू देत, नंबर खरवडायला सोपा. मग एपोखे दोनची जुनी पितळी नंबरपाटी शोधतोय, त्याला पुढचा तिसरा दिवा काढावा लागणार, आणि नंबर १०१ च्या पुढचाच हवा कारण माझ्या मॉडेलची पुढची लहान चाकं मोठ्या मापाची आहेत, मोजली, साडेअकरा मिलिमीटर. कुणाला मिळाली तर कळवा.